माझी कोलोनोस्कोपी: खरी कसोटी आदल्या रात्रीची

शौचावाटे रक्त दिसलं की बहुतेकजण 'मूळव्याध असेल' म्हणून मोकळे होतात. माझ्या डॉक्टरांनी तसं केलं नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "मूळव्याध आहेच, पण तेवढंच आहे की वर आणखी काही आहे, हे पाहायला हवं," असं म्हणून त्यांनी दुर्बिणीची तपासणी लिहून दिली.

या तपासणीचे दोन प्रकार आहेत हे मला तेव्हा कळलं. एक सिग्मॉइडोस्कोपी. यात साधारण 60 सेंटिमीटरची लवचिक नळी असते आणि मोठ्या आतड्याचा फक्त खालचा, डावीकडचा भाग बघतात. त्याला बहुधा एनिमा पुरतो, गुंगीही सहसा देत नाहीत आणि 10 ते 20 मिनिटांत काम होतं. दुसरी कोलोनोस्कोपी, म्हणजे सगळं मोठं आतडं, जवळजवळ दीड मीटर. माझ्या रक्तात लोह कमी निघालं होतं, आणि अशा वेळी रक्त कुठूनही जात असू शकतं, म्हणून मला दुसरी सांगितली.

तपासणीची तारीख ठरली त्याच दिवशी सिस्टरनी माझ्या सगळ्या गोळ्या विचारून घेतल्या. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं व आतड्याची भिंत झाकली जाते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत आणि आपल्या मनाने चालूही ठेवायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तसंच करायचं. शेवटचे दोन-तीन दिवस कोंडा, साली आणि बिया वर्ज्य. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ, त्यातही लाल-जांभळं काही नको. तो रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता पोट साफ करायच्या औषधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक घाबरतात नळीला आणि प्रत्यक्षात कस लागतो तो इथे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात कालवून दोन ते चार लिटर प्यायची असते. ती शरीरात शोषली जात नाही. पाणी आतड्यातच धरून ठेवते आणि सगळं धुऊन काढते. चव खारट, किंचित तेलकट. थंडगार करून स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला घेतली की चव कमी लागते. मला मध्येच मळमळायला लागलं तेव्हा मी अर्धा तास थांबले, चालले आणि मग पुढचा ग्लास घेतला. थांबलं तरी चालतं, सोडून मात्र द्यायचं नाही. घाईघाईने पिऊन उलटी होण्यापेक्षा हे बरं. एवढं गार पाणी पोटात गेल्यावर थंडी वाजते, तेव्हा अंगावर घ्यायला काही जवळ ठेवा. पहिल्या जुलाबाच्या आधीच गुदद्वाराभोवती व्हॅसलिन लावून ठेवा आणि पुसायला ओला मऊ कागद वापरा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आवर्जून लिहिते आहे.

अर्धं औषध संध्याकाळी आणि उरलेलं पहाटे, असं दिलं होतं. पहाटे उठायचा कंटाळा येतो, पण त्याला कारण आहे. रात्रभर लहान आतड्यातून पिवळा चिकट स्राव खाली येत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरतो. तो पहाटेच्या डोसनेच निघतो. लहान, चपट्या गाठी निसटायची भीती याच बाजूला जास्त असते. शेवटी शौच लघवीसारखं फिकट पिवळं, आरपार दिसणारं झालं की पोट साफ झालं समजायचं. गढूळ असेल तर पोचल्याबरोबर सिस्टरना सांगा. लपवण्यात आपलंच नुकसान आहे.

तपासणीच्या खोलीत लाज वाटेल अशी धास्ती होती. मागून उघडणारा गाऊन, वरून चादर, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजायचं. लागतो तेवढाच भाग उघडा करतात. मी बाई सिस्टर असाव्यात असं आधीच सांगितलं होतं, तसं सांगता येतं. सलाईनमधून हलकी गुंगी दिली. काहींना पूर्ण झोपवतात. मी अर्धवट जागी होते, त्यामुळे थोडं आठवतं. पडद्यावर गुलाबी, ओलसर, चकचकीत भिंत आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक लाल शिरांचं जाळं. वळणापाशी पोट फुगून कळ आली. तिथे सिस्टरनी हाताने पोट दाबून धरलं आणि नळी पुढे सरकली. वायू सरावासा वाटतो, तो खुशाल सरू द्यावा. तिथल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

नळी टोकाला, अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत नेतात आणि खरं बघणं परत येताना होतं, सावकाश, प्रत्येक घडी उलगडून. माझ्या आतड्यात एक छोटा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, निघाला. तारेचा फास टाकून त्यांनी तो तिथेच काढला आणि मला काही जाणवलंही नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं दुखत नाही, ताणलं की दुखतं.

नंतर थोडा वेळ पोट फुगलेलं होतं. डॉक्टर येऊन सगळं सांगून गेले म्हणे, पण गुंगीमुळे माझ्या काही लक्षात राहिलं नाही. बहीण सोबत होती, तिने ऐकून लिहून घेतलं. सोबत माणूस हवं ते केवळ घरी न्यायला नव्हे, यासाठीसुद्धा. 24 तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी असतो, पण पोटात वाढती कळ, ताप किंवा भरपूर रक्त दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. पॉलिप काढलेला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो.

बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट आला: अडेनोमा (पॉलिपचाच एक प्रकार), कर्करोग नाही. अशा गाठींपैकी काहींचाच पुढे कर्करोग होतो आणि त्यालाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. त्याआधीच ती काढून टाकता येते, म्हणून या तपासणीला एवढी किंमत. पुढची कधी, हे पॉलिप किती, केवढे, कसले यावर ठरतं, आणि आतडं किती साफ होतं यावरसुद्धा. ती नोंद रिपोर्टमध्ये असते. माझ्या रिपोर्टवर 'तयारी उत्तम' असा शेरा आहे आणि पुढची तपासणी काही वर्षांनी सांगितली आहे. तयारी अपुरी असती तर सगळं औषध पुन्हा पिऊन लवकरच परत यावं लागलं असतं.