काका, किती आटे?

नागपूरच्या फुटाळा तलावावर माझी फोक्सवॅगन बीटल लावली की कुणीतरी जवळ येतंच. मागचं झाकण उघडून दाखवा म्हणतं, रेडिएटर नाही याचं नवल करतं, आणि मग ठरलेला प्रश्न येतो : "काका, कार्ब्युरेटरचा स्क्रू किती आटे खोलता? आमच्याकडेही बीटल आहे. ट्यूनिंग करून आणली की चार दिवसांत सिग्नलवर पुन्हा बंद पडते."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, अडीच आटे. पण त्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी.

माझं इंजिन १६०० सीसीचं, त्यावर सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग. सुरुवात टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपासून. गॅप ०.१५ मिलिमीटर, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या नऊ दिवसांत, थंड इंजिन पहाटेच मिळतं, म्हणून मी साडेपाचलाच गॅप मोजायची पट्टी (फिलर गेज) घेऊन बसतो. टॅपेट वाजले की लोक घाबरतात. मला भीती वाटते ती आवाज गेल्याची. गॅप संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि चुपचाप जळतो. ३ नंबरच्या सिलिंडरकडे जास्त लक्ष, कारण जुन्या इंजिनात ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असतो. मग ठिणगीचे पॉइंट आणि टायमिंग, आणि मिश्रण इंजिनात नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरते का ते.

एवढं झालं की वाडीपर्यंत चक्कर मारून येतो. इंजिन तापलेलं आणि चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडलेला हवा.

कार्ब्युरेटरच्या डाव्या अंगाला दोन स्क्रू असतात, एक मोठा, एक लहान. तिसरा थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने हलणाऱ्या) दांडीवर. स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवायला सगळे हा तिसराच पिळतात, आणि मला खरोखर वाईट वाटतं. या कार्ब्युरेटरमध्ये स्लो मोठ्या स्क्रूने लावायचा असतो. दांडीचा स्क्रू पिळला की बटरफ्लाय, म्हणजे आतली हवेची झडप, जास्त उघडते, पुढची छिद्रं आधीच पेट्रोल द्यायला लागतात आणि लहान स्क्रू किती का फिरवा, इंजिन दाद देत नाही. माझ्या वडिलांनी त्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. मी तो अजून पुसू दिलेला नाही.

लहान स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्या. आवळू नका, सुईचं टोक जातं. मग अडीच आटे बाहेर. मोठ्या स्क्रूने स्लो ८५० आरपीएमवर (मिनिटाला ८५० फेरे) आणा. आता लहान स्क्रू थोडाथोडा फिरवून इंजिन सर्वात जोरात चालेल ती जागा शोधा. प्रत्येक वेळी थांबा, इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. तिथून २०-३० आरपीएम उतरेपर्यंत आत घ्या आणि मोठ्या स्क्रूने परत ८५०. हे सगळं उभ्या गाडीपुरतं. रस्त्यावरचं काम मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, मिक्श्चर पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ते जास्त तापवतं. म्हणून मी जेट एक नंबर मोठा घातला, आणि रबरी पेट्रोल पाइपही बदलले.

पण तुमची गाडी नेमकी सिग्नलवर बंद पडते ना? मग आधी एक करा. किल्ली ऑन ठेवा, इंजिन सुरू करू नका. कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या पेट्रोलच्या झडपेची) वायर काढा आणि परत लावा. 'टिक्' आवाज आला पाहिजे. नाही आला, तर स्लोचं पेट्रोल तिथेच अडलंय.