बियाणं तेच, माती वेगळी: आमची वाटचाल

भाताच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा जो आकडा असतो, तो प्रयोगशाळेतल्या ओल्या कागदावर काढलेला असतो. शंभर-शंभर दाण्यांचे चार गट, म्हणजे ४०० दाणे, कागदाच्या गुंडाळीत ठेवायचे आणि चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी करायची. ८० टक्के किंवा वर भरले की लॉट, म्हणजे बियाण्याचा तो साठा, पास. उगवणीबाबत कायदा एवढंच मागतो, आणि ते योग्यच आहे; बी जिवंत आहे की नाही ते कागदावर चोख कळतं. पण शेतकरी कागदात पेरत नाही. आमची भरभराट आणि आमच्यावर आलेलं बालंट, दोन्ही या एका फरकातून आलं.

कोल्हापूर जिल्ह्यात बियाण्याचा धंदा करायचा म्हणजे एका जिल्ह्यात चार मुलुख सांभाळायचे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वरच्या अंगाला जांभ्याची तांबडी माती. खाली उतरलं की भोगावती-पंचगंगेच्या काठची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची रानं. पूर्वेकडं काळी भारी जमीन, आणि तिच्यातच शिरोळ-हातकणंगल्याकडं उसाला पाणी पाजून पाजून क्षार वर आलेली रानं. इंद्रायणी भाताचा एकच लॉट या चार ठिकाणी पेरला तर चार वेगळी बियाणी पेरल्यासारखं दिसतं.

वडिलांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान होतं. बियाण्याकडं आम्ही वळलो ते एका जुन्या ग्रेडरच्या, म्हणजे बी चाळून निवडणाऱ्या यंत्राच्या जिवावर. तो ग्रेडर अजून चालतो. मोटर बदलली, पट्टे कितीदा बदलले, सांगाडा तोच आहे. चाळण्यांचे संच मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. इंद्रायणीची चाळण घनसाळला चालत नाही, घनसाळचा दाणा लहान. भोगावती वाणाला पुन्हा वेगळी. चाळणीचं एक भोक जरी वाकलं तरी पळंज, म्हणजे पोकळ दाणा, खाली उतरतं आणि पिशवीत जातं. नव्या पोरांना मी पहिला महिना फक्त चाळण्या घासायला लावतो. हात बसल्याशिवाय डोळा बसत नाही.

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे गगनबावड्याकडच्या एक आक्का. पहिल्यांदा दुकानात आल्या त्या पदरात माती बांधून. काउंटरवर पदर सोडला, तांबडी भुरभुरीत माती, त्यात जांभ्याचे खडे. म्हणाल्या, "बाळा, ह्यात उगवून दाव. कागुद नगं मला." मी ती माती पत्र्याच्या ट्रेत भरली, दाणे पेरले, आणि पुढच्या बाजाराला त्या आल्या तेव्हा कोंब वर होते. आक्कांनी ट्रे उचलून खिडकीपाशी नेला, एक रोप मुळासकट उपटलं, मुळाची लांबी बोटावर मोजली आणि मगच कनवटीचे पैसे काढले. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या कुणाचं बी घेतलं नाही.

त्यांच्या मातीनं मला पुष्कळ शिकवलं. तांबडी माती हवेशीर असते, म्हणून उगवण लवकर आणि एकसारखी होते. पण ओल टिकत नाही. शिवाय माती आंबट. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, रोपाला देत नाहीत. त्यामुळं तीन पानांपर्यंत झकास दिसणारं रोप पुढं अडतं, पान गडद होतं, फुटवा कमी येतो. खाचरात पाणी उभं राहिलं की आंबटपणा उतरतो आणि स्फुरद सुटायला लागतो. म्हणून त्या भागात बांधबंदिस्ती पक्की असेल तर अर्धं काम झालं. खताचं पोतं आणण्याआधी बांधाची बिळं बुजवा, असं मी दुकानात सांगतो आणि खतवाले माझ्यावर रागावतात.

मधल्या वर्षांत धंदा चालला, वाढला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग २०१९ चा महापूर आला. शाहूपुरीत, दसरा चौकात पाणी आलं, सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. आमचं गोदाम उंचावर असल्यानं वाचलं. पुराचा खरा फटका आम्हाला पुढच्या खरिपात बसला. नदीकाठच्या रानांवर गाळाचा थर बसला होता. लोक खूश होते, फुकटची मळी आली म्हणून. करवीर तालुक्यातल्या एका गावानं त्याच गाळावर कुरीनं धूळवाफ पेरणी केली, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच बी पेरलं. पेरणी झाली आणि वळीव सडकून झाला, त्यानंतर कडक ऊन पडलं. आठ-दहा दिवस गेले तरी रान मोकळंच. त्याच आठवड्यात पूर्वेकडच्या एका गावातून फोन आला, तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पिवळा पडून जळतोय. दोन्हीकडं बियाणं आमचं.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक बियाण्याचा व्यापारी आहे. नाव घेत नाही. त्यानं उठवून दिलं की आम्ही पुरात भिजलेलं भात वाळवून पिशव्यांत भरलं. ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही. पूर ऑगस्टचा. आमच्या बियाण्याची मळणी त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे. पूर आला तेव्हा त्या भाताला लोंबीही आली नव्हती, भिजणार कुठून? एवढा साधा हिशोब कुणी केला नाही. पिशव्या परत यायला लागल्या. वर्षानुवर्षं उधारीवर माल देणाऱ्यांनी रोख मागितले. ग्रेडर विकायला काढला, एक जण येऊन बघूनही गेला.

तक्रारीवर समिती आली. मी खुरपं घेऊन त्यांच्याबरोबर रानात उतरलो. तासावर खुरपं घालून हलकं उचललं, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी मातीची पापडी अख्खी निघाली. तिच्याखाली आमचं बी होतं, उगवलेलं. पांढरे कोंब पापडीला डोकं लावून वळले होते, कुठं फट मिळते का बघत आडवे गेले होते. काही पापडीच्या भेगेतून वर आले होते, तेवढेच हिरवे. गाळाची माती बारीक, तिच्यात सेंद्रिय अंश कमी. थेंबांच्या माऱ्यानं ढेकळं फुटतात, बारीक कण छिद्रं बुजवतात, वरून ऊन पडलं की थर आवळतो. मी मूठभर कोंब हातरुमालात घेतले आणि बांधावरच्या सगळ्यांना दाखवले. पूर्वेकडच्या रानात बांधालगत पांढरी खपली दिसत होती. तिथं बी उशिरा का होईना उगवलं होतं, कारण उगवताना भात खारेपणा बऱ्यापैकी सोसतं. मार बसतो तो दोन-तीन पानांवर, आणि नंतर फुलोऱ्यात. शेंडे करपले होते ते क्षारानं.

लॉटचा राखून ठेवलेला नमुना तपासणीत पास झाला. पण तो कागद हाती येईपर्यंत रोपलावणी उरकली होती. आणि अफवा पसरवणाऱ्यानं कधी चूक कबूल केली नाही. पुढच्या हंगामात आक्का भावकीतली माणसं घेऊन आल्या, सगळ्यांचे पैसे आगाऊ मोजले. ग्रेडर राहिला तो त्या पैशांवर.

तेव्हापासून आमच्याकडं माती बघितल्याशिवाय बियाणं देत नाही. साखरेच्या पोत्यात चार-पाच किलो माती आणा, वीतभर खड्डा खणून त्याच्या कडेची. आम्ही ती तुमच्या नावाच्या ट्रेत भरतो. आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो: बी आधी मिठाच्या पाण्यातून काढा, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. तरंगतं ते फेकून द्या, खालचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा. गाळाच्या रानात धूळवाफ केलीच असेल आणि पापडी धरली तर वाट बघू नका, बाभळीची हलकी फेसाटी, म्हणजे काटेरी फांद्यांचा जुडगा, ओढा किंवा पाण्याची सोय असेल तर हलकं पाणी द्या. काळ्या रानात तरवा गादीवाफ्यावरच टाका. पाण्याखाली बसलेल्या भाताला हवा मिळाली नाही तर कोंब लांबतो आणि मूळ वाढत नाही. असं रोप उपटताना हातात येतं पण लावल्यावर धरत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात कोरड्या वाफ्यावर केवडा, म्हणजे पानांवर पिवळेपणा, दिसला तर लगेच युरिया मारू नका, ते लोहाची कमतरता असते, फेरस सल्फेट फवारा. खारट रानवाल्यांनी तरवा गोड्या मातीत करावा, लावणीला रोप थोडं वयस्क घ्यावं आणि चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या रोपांत, एखाद-दुसरं जास्त. आणि जिप्समचा खर्च करण्याआधी रान खारवट आहे की चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट झालेलं, ते तपासून घ्या. जिप्सम चोपणाला लागतं. नुसत्या क्षाराला निचरा आणि गोडं पाणी लागतं.

आता त्या पलीकडच्या गल्लीतही मातीचे ट्रे मांडलेले दिसतात. खुशाल मांडावेत. पण ते ट्रे सावलीत असतात आणि झारीनं हळूच पाणी घालतात. तसं केलं तर गाळाची मातीसुद्धा बी वर सोडते, आणि शेतकरी फसतो. ट्रेवर पाणी उंचावरून, वळवासारखं ओतायचं. मग दोन दिवस पत्र्यावर कडक उन्हात ठेवायचं, आणि त्यानंतर वर येतील तेवढेच कोंब मोजायचे.