यावेळी चारला निघालो नाही

आमच्याकडे बेळगाव-खानापूर भागात समुद्राला जायचं म्हणजे पहाटे निघायचं आणि दुपारी चारला परत गाडीत बसायचं, हे ठरलेलंच आहे. चोर्ल्यावरून गोव्याला जा, अनमोडवरून जा, आंबोली उतरून शिरोड्याला जा नाहीतर अणशीवरून कारवारला जा, कुठूनही गेलात तरी येताना घाट आहेच, आणि "अंधार व्हायच्या आत घाट चढायचा" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, आता मोठा झाल्यावर मीच म्हणतोय. त्यामुळं आमचा समुद्र म्हणजे दुपारचा समुद्र. पांढरा, डोळे दिपवणारा, पायाला चटके देणारी वाळू.

संक्रांतीला आम्ही दरवर्षीसारखं मलप्रभेवर जेवायला गेलो होतो. आमच्याकडची ही पद्धतच आहे, घरातून शेंगा पोळी, तीळ लावलेल्या भाकऱ्या, भरली वांगी, दही असं सगळं बांधून घ्यायचं आणि नदीकाठी बसून खायचं. जेवण झाल्यावर पोरानं विचारलं की ही नदी जाते कुठं, मी शाळेत शिकवतो त्यामुळं मला राहवत नाही, मी सांगत बसलो की उगम आपल्या कणकुंबीत, तिथून समुद्र पश्चिमेला अगदी जवळ, पण ही जाते उलट पूर्वेला, कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात जाते, आणि म्हादई आपल्याच तालुक्यातली पण ती पश्चिमेला गोव्यात उतरते. आई भांडी गोळा करत ऐकत होती. मधेच म्हणाली, "समुद्रात सूर्य बुडतो म्हंतात, ते कसं दिसतं रे? मी कवा बघितलोच न्हाई."

मला एकदम कसंतरी झालं. आई सहासष्ट वर्षांची, माहेर सासर दोन्ही जांबोटीच्या बाजूला, तिथून सरळ रेषेत मोजलं तर समुद्र साठ-सत्तर किलोमीटर असेल. गोकर्णाला जाऊन आलीय, गोव्याला चार-पाच वेळा जाऊन आलीय. पण सूर्यास्त नाही. आणि नुसती घाटाची गोष्ट नाही ती, नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की तिन्हीसांजेला ती आयुष्यात कधी रिकामी बसलेलीच नाही. म्हशी परत यायची वेळ तीच, धार काढायची वेळ तीच, दिवा लावायचा, चूल पेटवायची, आम्ही पोरं भूक भूक करत असायचो तीही वेळ तीच. गावात सूर्य डोंगराआड जायचा तेव्हा ती गोठ्यात असायची. तिला समुद्रातला काय, डोंगरामागचा सूर्यास्त तरी कुठं नीट बघायला मिळाला असेल.

तर संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी आम्ही निघालो, आई, मी, बायको, पोरगा आणि आक्का. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, कुंभारवाडा, मग अणशीचं जंगल. तो रस्ता दिवसाच करावा, कारण जंगल इतकं दाट आहे की मधे मधे गाडीत लाईट लावल्यासारखा उजेड कमी जास्त होतो. खाली कद्र्याला आलो की हवा बदलते, दमट होते, आईनं लगेच शाल काढून ठेवली. पुढं सदाशिवगड, तिथं काळी नदी समुद्राला मिळते. जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला तो इथलाच, ट्रक नदीत पडला होता आणि ड्रायव्हरला वाचवलं होतं. आईला हे सांगितल्यावर तिनं नदीला हात जोडले.

रिसॉर्ट माजाळीत घेतलं होतं, गोव्याच्या हद्दीला लागून. नाव सांगत नाही. खोल्या स्वच्छ, माणसं चांगली, समोर सुरूची झाडं आणि लगेच वाळू. जवळच तीळमाती नावाचा किनारा आहे, तिथली वाळू काळी, खरंच तिळासारखी. संक्रांतीच्या आठवड्यात आईला तीळमातीला न्यायचं म्हणजे तिला केवढा आनंद, तिनं मूठभर वाळू हातात घेऊन बराच वेळ बोटांनी चाळली आणि म्हणाली, "निवडायला बसलो तर दिवस जाईल."

पाचच्या सुमाराला रिसॉर्टसमोर रापण ओढायला सुरुवात झाली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडीतून अर्धगोल करून लांबच लांब जाळं समुद्रात टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात, एकेक पाऊल मागं सरकत, हळूहळू दोन्ही टोळ्या जवळ येतात आणि शेवटी मधली पिशवी वाळूवर येते. आम्ही पण दोरीला हात लावला. दोरी ओली, जड, तळहाताला मीठ लागलेलं कळतं. पिशवी उघडली तर आत बांगडे, अजून उड्या मारत होते, पाठीवर निळी-हिरवी चमक आणि त्यावर काळ्या वाकड्या रेघा. ही चमक बाजारात बर्फातल्या बांगड्याला नसते, ती जिवंत माश्याचीच. तिथल्या एका मावशीकडून डझनभर बांगडे घेतले, "आयज बरे मेळ्ळ्यात" म्हणाल्या, कोंकणी आणि आमच्या मराठीत तेवढं समजायला अडचण येत नाही.

मग सूर्य. जानेवारीत तिकडं मावळायची वेळ सहा पंचवीसच्या आसपास. आणि तो नेमका पश्चिमेला मावळत नाही, थोडा दक्षिणेकडं, तिकडं बेटं आहेत त्या बाजूला. रिसॉर्टवाल्यांनी सगळ्या खुर्च्या एका बाजूला तोंड करून मांडल्या होत्या, आम्ही आपल्या पाच खुर्च्या वळवून घेतल्या.

खाली येताना तो आधी पिवळा, मग केशरी, मग असा लाल की सरळ बघता येतं. कारण आडव्या येणाऱ्या उजेडाला डोक्यावरच्यापेक्षा तीस-चाळीस पट जास्त हवा पार करावी लागते, निळा रंग वाटेत विखरून जातो आणि लाल तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आणि अजून एक, सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो, हवा त्याचा उजेड वाकवून आपल्याला वर दाखवत असते. त्याच वाकण्यामुळं तो खालून चेपलेला दिसतो. पोराला हे सांगत होतो तर आईनं हातानं गप्प केलं. "थांब. बघ, हंडा बुडालाय."

खरंच तसंच दिसत होतं. विहिरीत तांब्याचा हंडा सोडला की आधी तो पाण्यावर टेकून जरा रुंद होतो, तिरका होतो, काठापर्यंत पाणी येतं, आणि मग एकदम गपकन आत. कड टेकल्यापासून पूर्ण जाईपर्यंत सव्वादोन मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. शेवटचा ठिपका गेला तेव्हा आईच्या तोंडातून "गेला" एवढंच आलं, आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

टाळ्या वाजवून, सेल्फी काढून बाकीची मंडळी लगेच उठली. आई उठली नाही. आणि मी तुम्हाला कळकळीनं सांगतो, लगेच उठू नका. खरा रंग नंतर आहे. सूर्य गेल्यावर दहा मिनिटांनी ढगांच्या पोटाला गुलाबी लागलं, ते जांभळं झालं, ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलं, एक होडी परत येत होती तिचं फक्त काळं चित्र दिसत होतं. आपल्याकडं हा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटंच टिकतो, सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो म्हणून. आईनं बसल्या जागेवरून शुभंकरोति म्हटलं. समोर ना देवघर ना दिवा. आक्का तिच्या शेजारी जाऊन बसली, दोघी काही बोलल्या नाहीत.

जेवणाचं मात्र मला वाईट वाटलं. बुफेत पनीर बटर मसाला, मंचुरियन, व्हेज पुलाव, दाल फ्राय. समोर रापण लागलीय, बांगडे उड्या मारतायत आणि आत हे. समुद्रकाठच्या माणसांनी स्वतःचं जेवण असं बाजूला का ठेवावं? आम्ही घेतलेले बांगडे घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, तर आचारी माजाळीचाच, त्याचा चेहराच उजळला. अर्धे बांगडे रवा लावून तव्यावर आणि अर्ध्यांचं हुमण. खोबरं, धणे, ब्याडगी मिरची गंधासारखी बारीक वाटलेली, वरून तिरफळं ठेचून सोडलेली. तिरफळ खायचं नसतं, फक्त वास, पण चुकून दाताखाली आलं की जीभ झिणझिणते. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी.

आईनं पिशवीतून ज्वारीची भाकरी काढली. काल सकाळची, कडक झालेली. ती मोडून तिनं हुमणात बुडवली, मऊ होईपर्यंत बोटानं दाबून धरली, आणि पहिला घास खाऊन आचाऱ्याकडं बघून नुसती मान हलवली. तो उभाच राहिला, तिचं ताट संपेपर्यंत. मग तिनं त्याला डब्यातला तिळगूळ दिला.

रात्री झोपायच्या आधी आई व्हरांड्यात आली. बाहेर होड्यांचे दिवे दिसत होते. म्हणाली, "उद्या निघायचं किती वाजता?"

मी सवयीनं म्हटलं, चारला.

"अंधारात घाट नको, ते खरं. मग परवा सकाळी गेलो तर?"

मी तिथूनच हेडसरांना सोमवारच्या रजेचा मेसेज टाकला.