फेब्रुवारीचा पहिला शनिवार आणि झारेचनाया रस्ता

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटलं की सोव्हिएत शाळांत फेब्रुवारीचा पहिला शनिवार ठरलेला. कामगारांच्या रात्रशाळेत त्या दिवशी लावायला ‘झारेचनाया रस्त्यावरचा वसंत’ (1956) याहून चपखल चित्रपट नव्हता. अशा शाळा 1943 साली, युद्ध चालू असतानाच निघाल्या. पाळी संपवून आलेली, बाईंपेक्षा वयाने मोठी मंडळी बाकांवर बसायची. चित्रपटातल्या तात्याना सेर्गेयेव्नाच्या वर्गातही तेच. नव्यानेच पदवी घेतलेली ही बाई, आणि पोलादभट्टीवरचा साशा सावचेन्को तिच्या प्रेमात पडतो.

ती रेडिओवर राखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराचं पियानोसंगीत ऐकत बसते, साशा नुसता उभा राहतो. त्याला कळतं, हे आपलं जग नव्हे. खुत्सियेव्ह आणि मिरोनेर या दिग्दर्शकांनी तिथे एकही जादा वाक्य घातलं नाही.

पण प्रोजेक्टरची खरी परीक्षा तिथेच. ध्वनीचा ढोल, म्हणजे आवाज वाचला जातो तिथे फीत ज्यावरून फिरते ते रूळ, झिजला असेल तर बोलण्यात कळत नाही, पियानोचा लांब सूर मात्र लगेच डगमगतो. म्हणून जाणते लोक आधी तेवढाच भाग चालवून बघत.

16 मिमीच्या फितीवर दीड तासाहून थोडा मोठा हा चित्रपट हजारेक मीटरचा होतो. 600 मीटरची दोन रिळं, एकच यंत्र असलं की मध्ये थांबणं आलंच. आवाज चित्राच्या 26 चौकटी पुढे छापलेला असतो. यंत्रात फितीला वर आणि खाली ढिलं वेटोळं सोडतात, तो फास. खालचा फास लहानमोठा पडला की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. वरचा फास गेला तर चित्रच उड्या मारतं. फाटक्या भोकांनी फास सुटतो, तेव्हा आधी फितीच्या कडेवरून बोट फिरवून बघायचं, मगच दिवे घालवायचे. आणि थंडीतून आणलेला डबा लगेच उघडायचा नाही! दोन-तीन तास खोलीत ऊब घेऊ द्यायची, नाहीतर फितीवर दव धरतं.

भट्टीची दृश्यं युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया शहरातली. पोलादवाले ती डोळ्यांत तेल घालून बघत, चुका काढायला.

मग गिटारवरचं गाणं, मोक्रोउसोव्हची चाल, फात्यानोव्हचे शब्द. कारखान्याच्या फाटकाने माणसात आणलं, ही ओळ आली की सगळी खोली गायला लागे. यंत्रावरचा माणूस तेव्हा आवाज कमी करी.