शेवटच्या नावापुढची खूण

सोमवार

धावण्याच्या क्लबचा हा आठवडा, सोमवार ते रविवार. आज धावणं नाही. कालचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, पायांत आहे आणि तो आज मुरू द्यायचा. फार तर अर्धा तास चालावं. सोमवारी ‘हलकंसं पाच किलोमीटर’ म्हणून जे निघतात, त्यांच्याच नडग्या बुधवारी बोलायला लागतात.

नव्या माणसाचं दुखणं पहिल्या आठवड्यात येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, दम लागणं कमी होतं. हाडं आणि कंडरा यांना मात्र महिने लागतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. गटात तर पुढे चार ओळखीच्या पाठी दिसत असतात आणि पाय आपोआप जोरात पडू लागतात. क्लबचं सगळं बळ या ओढीत आहे आणि क्लबमधल्या कितीतरी दुखापतीही तिच्यातूनच येतात. म्हणून आठवडा आखताना आधी हेच ठरवायचं की ही ओढ कोणत्या दिवशी हवी आणि कोणत्या दिवशी आवरायची.

सोमवार वहीचा दिवस. नव्या नावापुढे तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: न थांबता किती मिनिटं धावता येतं, गेल्या सहा महिन्यांत काय दुखलं, आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा. किलोमीटरचा वेग विचारू नये. तो विचारला की माणूस आपल्या सर्वांत चांगल्या दिवसाचा सांगतो, आणि मग आपण त्याला चुकीच्या गटात टाकतो.

मंगळवार

ट्रॅकचा दिवस. ६ × ४०० मीटर, मध्ये ९० सेकंद सावकाश चालणं.

त्याआधी पंधरा मिनिटं अगदी हळू धावणं, मग गुडघे उंच उचलणं, टाचा मागे मारणं, खुब्यातून पाय झुलवणं, आणि शेवटी ८० ते १०० मीटरचे चार स्ट्राइड्स. स्ट्राइड म्हणजे स्प्रिंट नव्हे. हळूहळू वेग वाढवत न्यायचा आणि खांदे सैल असतानाच सोडून द्यायचा. एका जागी उभं राहून ताणायचे व्यायाम धावून झाल्यावर करावेत. उशिरा आलेला माणूस नेमका वॉर्म-अप गाळतो आणि थेट पहिल्या फेरीत शिरतो. त्याला तिथे घेऊ नये. त्याने वॉर्म-अप पूर्ण करून चार फेऱ्या केल्या तरी पुष्कळ झालं.

ट्रॅकचं माप फक्त पहिल्या लेनमध्ये ४०० मीटर असतं. दुसऱ्या लेनमध्ये तीच फेरी सुमारे ४०७ मीटरची होते, कारण लेन १.२२ मीटर रुंद असते आणि वळणाची त्रिज्या तेवढी वाढते. सहा मिनिटांच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने, हे सात मीटर म्हणजे अडीच सेकंद. गर्दीमुळे दुसऱ्या लेनमधून धावलेला माणूस घड्याळ बघून खट्टू होतो, तेव्हा त्याला हा हिशोब सांगावा. मनगटावरचं जीपीएस वळणांवर आणखी गोंधळतं. ट्रॅकवर त्याचं अंतर सोडून द्यायचं आणि लॅपचं बटण हाताने दाबायचं.

आता खरी चूक. ज्याचा ५ किलोमीटरचा पेस सहा मिनिटांचा आहे, त्याची फेरी २ मिनिटं २४ सेकंदांची व्हायला हवी. पहिल्या फेरीत अंग ताजं, शेजारी वेगवान सोबती, आणि तो २:१० मध्ये येतो. दुसरीही तशीच जाते. चौथीत खांदे कानांकडे चढतात, पाऊल जड पडतं, सहावी २:४० वर जाते. त्या दिवशी त्याने सहा वेगळ्या गोष्टी केल्या आणि जी करायची होती ती एकही केली नाही. पहिली आणि शेवटची फेरी यांत तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. पहिली फेरी ‘फारच सोपी’ वाटली पाहिजे, यावर गट चालवणाऱ्याने अडून बसावं.

६ मे १९५४ ची ऑक्सफर्डमधली शर्यत यासाठीच आठवावी. रॉजर बॅनिस्टर यांनी मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पूर्ण केला आणि पहिल्यांदा कोणी चार मिनिटांच्या आत आलं. पुढे वेग धरायला ख्रिस ब्रॅशर होते, नंतर ख्रिस चॅटवे. पहिल्याच फेरीत बॅनिस्टरना इतकं हलकं वाटत होतं की ते मागून ‘अजून वेगात’ म्हणून ओरडले. ब्रॅशर यांनी ऐकलं नाही. ती फेरी ५७.५ सेकंदांची होती, ठरल्याप्रमाणेच. मित्र मागून ओरडत असताना वेग न वाढवणं हे पेसरचं खरं काम, आणि ते पायांपेक्षा डोक्याने करावं लागतं.

ट्रॅकवरची शिस्त थोडक्यात: फेरी संपली की पहिल्या लेनमध्ये थबकायचं नाही, बाहेरच्या बाजूला सरकायचं. वॉर्म-अप आणि कूल-डाउन बाहेरच्या लेनमध्ये. ओलांडायचं ते उजवीकडून. वेगवान गट आधी सोडावा, त्यानंतर २०-३० सेकंदांच्या अंतराने बाकीचे.

बुधवार

सोपा रन, ४० मिनिटं. आठवड्यातला सर्वांत अवघड दिवस हाच, कारण आज ओढ आवरायची आहे.

कसोटी साधी आहे. दहा-बारा शब्दांचं वाक्य मध्ये श्वास न तोडता बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘बरं’, ‘चालेल’ एवढीच उत्तरं येऊ लागली की पेस वाढला असं समजावं. घोळका गप्प झाला तर घड्याळ बघायचीही गरज नाही.

हे बिघडतं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. दोघं शेजारी-शेजारी धावत असतात. त्यातला एक नकळत अर्धं पाऊल पुढे असतो. दुसरा बोलता-बोलता ते अर्धं पाऊल भरून काढतो. पहिल्याला शेजारचा खांदा जवळ आलेला जाणवतो आणि तो पुन्हा अर्धं पाऊल सरकतो. कोणी काही ठरवलेलं नसतं, कोणाच्या मनात चढाओढही नसते, पण दोन किलोमीटरमध्ये ६:४५ चा पेस ६:१० वर आलेला असतो. मागच्या चौघांना वाटतं आज आपलंच काही बिनसलंय. अशा सवयीच्या माणसाला टोकणं फारसं उपयोगी पडत नाही. गटातल्या सर्वांत हळू माणसाला सगळ्यांच्या पुढे धावायला द्यावं आणि ‘याच्या पुढे कोणी जायचं नाही’ एवढंच सांगावं. पेस दोन मिनिटांत जागेवर येतो. शिवाय नेहमी मागे राहणाऱ्याला एकदा तरी मोकळा रस्ता समोर दिसतो. त्याचं महत्त्व फार मोठं आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला गेले होते. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी घडवलेल्या जॉगिंगच्या गटाबरोबर ते धावायला निघाले आणि चढावर मागे पडले. हृदयविकारातून उठलेला, सत्तरीपुढचा एक सदस्य वेग कमी करून त्यांच्या सोबत राहिला. बॉवरमन परतले ते जॉगिंगची कल्पना घेऊनच. सोबत राहणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी काय केलं, हे प्रत्येक क्लबने लक्षात ठेवावं असं मनापासून वाटतं.

गुरुवार

चढाचा दिवस. चार-पाच टक्क्यांचा चढ पुरतो, म्हणजे शंभर मीटरला चार-पाच मीटर उंची. ४५ सेकंद वर, हळूच जॉग करत खाली, असं आठ वेळा.

अंतर न मोजता वेळ मोजणं ही इथली गंमत. शिटी वाजली की सगळे वर निघतात, ४५ सेकंदांनी पुन्हा शिटी, जो जिथे असेल तिथून वळतो आणि खाली सगळे एकाच वेळी भेटतात. वेगवान माणूस जास्त उंच जाऊन आलेला असतो, एवढाच फरक. पंधरा जणांच्या वेगात कितीही तफावत असली तरी कोणी एकटं पडत नाही. हीच युक्ती फार्टलेकमध्ये वापरता येते. वेगाशी खेळण्याचा हा प्रकार स्वीडनच्या यॉस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात रूढ केला. तीन मिनिटं जोरात गेल्यावर पुढच्यांनी मागे वळायचं आणि शेवटच्यापर्यंत जॉग करत यायचं. त्यांची विश्रांतीही होते आणि गट पुन्हा एक होतो.

चढावर कमरेतून वाकू नये. झुकायचं ते घोट्यातून, नजर दहा-पंधरा मीटर पुढे, पावलं लहान. उतारावर जोरात येणाऱ्यांना आज काही वाटत नाही. पण ब्रेक लावताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी उमटतं, म्हणजे नेमकं रविवारच्या तोंडावर.

शुक्रवार

विश्रांती. घरी पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, एका पायावर १५, असं तीन वेळा. वर जाताना जितकं सावकाश, खाली येताना त्याहून सावकाश. बूट उलटे करून तळ बघावा. ५०० ते ८०० किलोमीटर झाले की आतला फोम बसतो, वरून बूट कितीही नवा दिसो.

शनिवार

उद्याची तयारी, आणि जे शर्यतीत पेसर होणार आहेत त्यांच्यासाठी एक हिशोब.

हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर. अडीच तासांत पूर्ण करायची तर पेस सुमारे ७:०७ येतो. पण ७:०७ धरून धावणारा पेसर उशिरा पोचतो. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला फेऱ्या मोजणारा जोन्स काउंटर लावून, वळणावळणाला सर्वांत जवळची रेषा धरून मोजतात आणि वर दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. धावणारा माणूस तर गर्दीतून वाट काढत जातो. त्यामुळे घड्याळात शेवटी २१.३ सुद्धा दिसू शकतं आणि तेवढं अंतर अडीच तासांत बसवायला ७:०२ चा पेस लागतो. घड्याळाच्या बीपवर विसंबू नये. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी वेळ जुळवावी. पेसरच्या भरवशावर वीस-तीस माणसं महिनाभराची मेहनत घेऊन उभी असतात, त्यामुळे शेवटच्या किलोमीटरमध्ये पळत सुटून वेळ गाठणं ही त्यांची फसवणूक आहे.

रविवार

लाँग रन. शर्यतीच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे ६० ते ९० सेकंद हळू. तीन आठवडे अंतर थोडं-थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात उतरवायचं.

निघण्याआधी मोजणी करून आकडा मोठ्याने सांगायचा. प्रत्येक गटापुढे एक जण आणि सगळ्यांच्या मागे एक स्वीपर. स्वीपर हा क्लबमधला सर्वांत हळू माणूस नसावा. गरज पडली तर पुढे धावत जाऊन निरोप देता येईल असा दमदार माणूस हवा, आणि त्या दिवशी त्याने स्वतःचा सराव मनातून काढून टाकलेला असावा. त्याच्याकडे चार्ज केलेला फोन, शिटी, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पाणी आणि सर्वांच्या संपर्कांची यादी. अंधारात समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एका रांगेत, चमकणाऱ्या पट्ट्या लावून धावायचं.

मार्ग जाऊन-येऊन असला तर अंतर नव्हे, वेळ बघून वळायचं. ५० मिनिटं झाली की शिटी, आणि सगळे जिथे असतील तिथून मागे. पुढचे आता मागचे होतात. परतीत वेगवान माणसं एकेकाला गाठत येतात आणि शेवटचा अर्धा तास, जेव्हा सोबतीची खरी गरज असते, तेव्हाच गर्दी होते.

पाणी तहानेप्रमाणे. निघताना आणि परतल्यावर वजन केलं तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र पाणी जास्त झालं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होणं हे थोड्या कोरडेपणापेक्षा कितीतरी धोकादायक.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात पेस विसरावा. कोणी लटपटू लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, तर ‘दमला असेल’ म्हणून सावलीत बसवून मोकळं होऊ नये. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मिनिटं मोलाची असतात. अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत थंड पाण्यात बसवायचं. टब नसेल तर अंगावर सतत थंड पाणी ओतायचं, वारा घालायचा. आधी थंड करणं, मग दवाखान्यात नेणं. कोणी कोसळला, प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी दाब द्यायचे: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. कोणालातरी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पिटाळायचं. क्लबमधल्या निम्म्या लोकांना तरी हे हातांनी करता आलं पाहिजे, वाचून नव्हे.

परतल्यावर वहीत प्रत्येकाने आपल्या नावापुढे खूण करायची. मध्येच घरी गेलेल्यानेही निरोप द्यायचा, नाहीतर वाटेवर नसलेल्या माणसाला स्वीपर शोधत फिरतो. आकडा जुळेपर्यंत वही मिटायची नाही आणि फोटोही काढायचा नाही. आणि पाण्याच्या दोन बाटल्या निघतानाच वेगळ्या काढून, नाव लिहून ठेवायच्या. पहिले पोचलेले तहानेच्या भरात सगळं पाणी संपवतात, आणि ज्याला यायला सर्वांत जास्त वेळ लागला, त्याच्या हाती रिकामा जार येतो.