ब्लेड आपलं, खुर्ची त्याची

सोलापुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ खाली विजयपूर, हुबळी करत अंकोल्याला समुद्रापाशी पोचतो, आणि वर धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरला जातो. या रस्त्यावर कटिंगचं दुकान शोधावं लागत नाही. तरी महिनाभर बाइकवर निघणारे काही जण फोमचा डबा, आफ्टरशेव्ह, महागडं रेझर असा सगळा आरसा-कपाटाचा संसार बॅगेत भरतात. काही जण काहीच घेत नाहीत आणि दहाव्या दिवशी दिसेल त्या खुर्चीत मान टाकतात. खुर्ची रस्त्यावरची चालेल, हातही त्याचाच चालेल. कातडीला लागणारी वस्तू मात्र आपली हवी.

सामान मूठभर आहे: दोन्ही बाजूंनी धार असलेल्या साध्या ब्लेडची ५ ची दोन पाकिटं, साधं स्क्रूचं रेझर, छोटी क्रीमची ट्यूब, तुरटीचा खडा, कंगवा, नॅपकिन. चार-पाच पात्यांच्या रेझरची कार्ट्रिज छोट्या गावात मिळेलच असं नाही. साधं ब्लेड पानटपरीवरही मिळतं. नॅपकिन आपल्याकडचाच, पण पातळ घ्या. जाड टेरीचा सोलापुरी टॉवेल पाणी झकास शोषतो आणि त्याच कारणाने रात्रभरात वाळत नाही. ओला तसाच सॅडलबॅगेत कोंबला की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. साधारण ३० बाय ४५ सेंटीमीटरचे दोन हलके नॅपकिन असले की एक वापरात, एक वाळत.

निघण्याआधीची कटिंग आदल्या दिवशी करू नका. मानेवरची आणि कानामागची ताजी उघडी पडलेली कातडी एप्रिल-मेच्या उन्हात पहिल्याच दिवशी भाजते, आणि हेल्मेटचं अस्तर टोचत राहतं. पाच-सात दिवस आधी उरका. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे बाजूला मशीनचा दोन नंबर (६ मिलिमीटर) मारून निघालात तर महिन्याअखेरीस दीड-पावणेदोन सेंटीमीटर होतात. तेवढे हेल्मेटमध्ये सहज मावतात. चमनगोटा करून निघण्याची हौस असेल तर एक लक्षात घ्या, केसांच्या जाडीवर घट्ट बसलेलं हेल्मेट टकलावर सैल होऊ शकतं. आत सुती टोपी घालून, पट्टा लावून डोकं जोरात हलवून बघा.

आता ती रस्त्यावरची खुर्ची. आपल्याकडे वस्तऱ्यात ब्लेड मधोमध मोडून अर्धं घालतात. तुमच्यासमोर नवं ब्लेड मोडलं तरी काम अर्धंच झालं, कारण ब्लेड ज्या फटीत बसतं तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचा साबण आणि न दिसणारं रक्त सुकलेलं असू शकतं. हेपटायटिस बीचा (रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा) विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. म्हणून आपलं पाकीट काढून द्यायचं आणि वस्तरा स्पिरिटने पुसायला सांगायचं. कारागीर रागावत नाही; बसण्याआधी सांगितलं तर मुळीच नाही. अर्ध्या चेहऱ्याला फेस लावल्यावर सांगितलं तर तोंड वाकडं करणारच. या आजाराची लस आहे, ० आणि १ महिन्याला आणि मग ६ व्या महिन्याला असे तीन डोस. तेव्हा मोठ्या प्रवासाचा बेत ठरला की सहा महिने आधीच सुरुवात करा.

दुकानातली तुरटी नको, ती दिवसभर सगळ्यांच्या कापलेल्या गालांवरून फिरलेली असते. टॉवेलही नको, गजकर्ण बहुधा टॉवेल, कंगवा आणि मशीनवरूनच येतं. मानेवर झिरो मशीन थेट कातडीला घासतं, म्हणून ते पुसून घ्या, नाहीतर मान कात्रीनेच करायला सांगा. ‘मिडियम’ हा शब्द विसरा, गाव बदललं की मिडियम बदलतो. नंबर सांगा: एक म्हणजे ३ मिलिमीटर, दोन ६, तीन साधारण १०, चार १३. इंदूरच्या पुढे एवढं वाक्य पुरतं: ‘साइड दो नंबर, ऊपर कैंची, गर्दन मत चटकाना.’

शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे. दिवसभर दीड किलोचं हेल्मेट वागवून मान आखडलेली असते, त्यामुळे कडकन मोडून घ्यायचा मोह होतोच. पण मणक्यातून मेंदूकडे जाणारी धमनी अशा झटक्याने चिरून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. क्वचित घडतं, पण परक्या गावात घडलं तर काय कराल? खांदे खुशाल चोळून घ्या.

वारही बघून ठेवा. आपल्याकडे बहुतेक दुकानं सोमवारी बंद, विजयपूरच्या बाजूला आणि उत्तरेत बऱ्याच ठिकाणी मंगळवारी.

स्वतः दाढी करायची तर रात्री करा. सकाळी ताज्या दाढीवर हेल्मेटचे गालाचे पॅड, घाम आणि ट्रकची धूळ बसली की दुपारपर्यंत गळ्यावर लाल पुरळ येतं, पुढे केसतूडही होतं. रात्री केली तर कातडीला सात-आठ तास मिळतात. आणि रोज करू नका. तीन दिवसांतून एकदा पुरे, रस्त्यावर कोणी बघायला बसलेलं नाही.

पाण्याची गोष्ट जरा नीट समजून घ्यायला हवी. मराठवाड्यापासून राजस्थानपर्यंत लॉजच्या नळाला बोअरचं जड पाणी असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साय बनते, फेस बसतो, आणि मग ब्लेड ओढतं. लोक ब्लेडला शिव्या देतात, दोष पाण्याचा असतो. दाढीसाठी पिण्याचं पाणी घ्या, २०० मिलिलिटर भरपूर झालं. काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरातल्या माणसाला एका पेल्यात दाढी उरकायला शिकवायला नको.

चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन नॅपकिन बुडवा, पिळा, दोन मिनिटं चेहऱ्यावर धरा. केस पाणी पिऊन मऊ होतात, निम्मं काम इथेच होतं. मग बदामाएवढी क्रीम, फेस, आणि एक मिनिट थांबायचं. रेझर कातडीशी साधारण ३० अंशांत, दाब न देता, दोन-तीन सेंटीमीटरचे छोटे हात. फक्त सुलट. गळ्यावर केस आडवे वाढतात, तेव्हा आधी बोट फिरवून दिशा बघा. उलटा हात घरी. शेवटी गार पाणी, ओली तुरटी फिरवून मिनिटभर ठेवायची आणि धुवून टाकायची. तशीच राहू दिली तर कातडी कोरडी पडून ताणते. दाढी पाच दिवसांपेक्षा जुनी असेल तर आधी ट्रिमर, नाहीतर ब्लेड केसांनी तुंबतं.

एक ब्लेड चार-पाच वेळा चालतं. झाल्यावर स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाणी झटका. धार नॅपकिनने पुसू नका, धारही जाते आणि नॅपकिनही फाटतो. जुनी ब्लेडं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत साठवा. लॉजच्या कचऱ्यात मोकळी टाकली तर झाडणाऱ्याचा हात कापतो.

ट्रिमर घेतलात तर पात्यावर बसवायचे एक डोक्याचा, एक दाढीचा असे दोनच कंगवे न्या. केस कोरडे असतानाच मशीन फिरवा, ओले केस चिकटून दाते अडकतात. मोठ्या नंबरापासून सुरू करून खाली या. टाळूवरच्या भोवऱ्यापाशी केस गोल वाढतात, तिथे चारही बाजूंनी फिरवावं लागतं. कंगवा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबला नाही तर मध्येच निसटतो आणि डोक्यावर चकती पडते. मग सगळं झिरो करण्यावाचून गत्यंतर नसतं. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. खोबरेल नको, ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि मनालीत पातं जाम करतं.

लांब केस असलेल्या बायकांनी अंबाडा वर बांधला तर हेल्मेट बसतच नाही. मानेपाशी सैल वेणी घालून ती जॅकेटच्या आत सोडावी, म्हणजे वाऱ्याने गुंता होत नाही. तेल मुक्कामी लावून सकाळी धुवावं, तेलावर धूळ चिकटते.

लडाख-स्पितीत ट्रिमरची बॅटरी गारठून लवकर बसते. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, आणि शून्याखाली चार्जिंगला लावू नका, लिथियमचा सेल कायमचा कमजोर होतो. परतताना बाइक रेल्वेने पाठवून विमानाने येणार असाल तर सुटी ब्लेडं केबिनच्या बॅगेत चालत नाहीत. ती चेक-इनमध्ये टाका आणि ट्रिमर हाताशी ठेवा.