हप्ता गेला कुठे?

“पोरा, पैसे जमा झाले म्हणतोस, मग यात का नाहीत?” सेतू केंद्रात एका आजोबांनी जिल्हा बँकेचं पासबुक पुढं केलं.

पीएम किसानचे २००० रुपये खाते क्रमांक बघून नाही, आधार बघून जातात. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार शेवटचं ज्या बँकेत जोडलं, तिथेच. मध्येच कुठं नवं खातं काढलं, फॉर्मवर संमतीची खूण झाली, की हप्ता तिकडे वळतो. जुन्या पासबुकात कितीही एन्ट्री मारा!

बँकेत नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग’ म्हणा, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारची जोडणी. दोन्ही वेगळं. सध्या कुठली बँक जोडलीय, ते आधारच्या साइटवर ओटीपी टाकून दिसतं. अर्थात मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. तिथंही अनेकांची गाडी अडते.

विसरलेल्या खात्यांत असे किती हप्ते पडून असतील?